वाड्यातल्या चिनी मातीच्या पाखरांचा भाव छापण्याआधी

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत वऱ्हाडातील जुन्या वाड्यांमधील शोभेच्या वस्तूंवर आलेला लेख वाचला. हंड्या-झुंबरे, बिल्लोरी आरसे आणि शिसवी पलंग यांच्याविषयी अधूनमधून कोणी ना कोणी लिहीत असते. पण दिवाणखान्याच्या फडताळात वर्षानुवर्षे धूळ खात बसलेल्या चिनी मातीच्या पोपटांची, कबुतरांची आणि कोंबड्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. ती घेतल्याबद्दल आपले आणि लेखकाचे अभिनंदन. परंतु त्या लेखाच्या मथळ्याखाली युरोपातील एका लिलावात अशा पक्ष्याला मिळालेली किंमत ठळक अक्षरांत छापली गेली आणि पुढे लगेच, अशी पाखरे आपल्याकडील अनेक घरांत पडून आहेत, असे विधान आले. या दोन गोष्टी शेजारीशेजारी छापल्यामुळे आमच्या भागात जी धावपळ उडाली आहे, ती आपल्या कानावर घालावी यासाठी हा पत्रप्रपंच.

मी आर्वी तालुक्यातील शेतकरी असून हाताने रंगवलेली जुनी पोर्सेलिनची, म्हणजे उंची चिनी मातीची, पाखरे जमवण्याचा छंद मला तरुणपणापासून आहे. हे गावात सर्वांना ठाऊक असल्याने हल्ली बाजाराच्या दिवशी कोणी पिशवीतून, कोणी लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून एखादे पाखरू घेऊन येतो आणि "भाऊ, याचे किती येतीन?" असे विचारतो. विचारण्यात गैर काहीच नाही. कापसाच्या भावाने ज्यांचे कंबरडे मोडले आहे, त्यांनी घरातल्या जुन्या वस्तूकडे आशेने पाहावे हे स्वाभाविकच आहे. अडचण अशी की, या आशेचा वास लागून शहरातले जुन्या वस्तूंचे व्यापारीही गावोगाव फिरू लागले आहेत. ते घरातली पाच-सहा पाखरे एकत्र मांडायला लावतात, त्यांतले खरोखर चांगले असेल ते "हे किरकोळ आहे, चिल्लर देऊन टाकतो" म्हणून उचलतात आणि उरलेल्यांना पुढेमागे लाखांचा भाव येईल असे सांगून निघून जातात. लेखातल्या आकड्यामुळे मालक शहाणा झाला नाही, उलट त्याला फसवणे सोपे झाले.

ज्या पाखरांना लिलावात डोळे दिपवणाऱ्या किमती येतात, ती बहुधा जर्मनीतील मायसन येथील अठराव्या शतकातली असतात. चीन आणि जपानकडून युरोपात येणाऱ्या पोर्सेलिनचे रहस्य सॅक्सनीच्या राजदरबारात १७०८ च्या सुमारास उलगडले आणि १७१० मध्ये मायसनच्या किल्ल्यात कारखाना सुरू झाला. सॅक्सनीचा अधिपती आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याला पोर्सेलिनचे वेडच होते म्हणा ना. १७१७ मध्ये त्याने प्रशियाच्या राजाला आपले सहाशे घोडेस्वार देऊन त्या बदल्यात १५१ चिनी मातीची भांडी घेतली, ही नोंदवलेली गोष्ट आहे. ड्रेस्डेनमधील आपल्या जपानी महालात पोर्सेलिनचे आख्खे प्राणिसंग्रहालय असावे, तेही खऱ्या आकाराचे, अशी त्याची हौस होती. त्यासाठी १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर हा मूर्तिकार मायसनला आला. राजाच्या मोरित्सबुर्ग येथील पक्षिशाळेतील जिवंत पक्षी पाहून आणि पेंढा भरलेले नमुने समोर ठेवून त्याने मोर, बगळे, गिधाडे, पोपट घडवले. मोठ्या मूर्तींना भट्टीत तडे जात, म्हणून त्यांतल्या अनेक पांढऱ्याच ठेवाव्या लागल्या. पुढे त्याने केलेली लहान पाखरे मात्र अंगभर रंगली आणि युरोपभर त्यांच्या नकला झाल्या. इंग्लंडमध्ये चेल्सीच्या कारखान्याने १७५० च्या आसपास छापील चित्रांवरून पक्षी बनवले. ते जरा बसकट आणि बावळे दिसतात, पण मला ते आवडतात.

असे पाखरू वऱ्हाडातल्या एखाद्या वाड्यात निघणारच नाही, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सेलिनची दालने आहेत आणि वऱ्हाड एके काळी निजामाच्याच मुलखात होता. तरीही आमच्याकडे जी पाखरे पाहायला मिळतात, त्यांचा मार्ग निराळा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ दरम्यान, इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची निकड भासली आणि अमरावती, खामगाव, हिंगणघाट या बाजारांत पैसा खेळू लागला. पाठोपाठ रेल्वे आली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, कापसाच्या युरोपीय पेढ्यांचे साहेब आले. कापूस मुंबईला जाई आणि येताना मुंबईच्या बाजारातून घड्याळे, काचसामान आणि चिनी मातीच्या शोभेच्या वस्तू येत. वऱ्हाडातले देशमुख, वर्धा-नागपूर-भंडाऱ्याकडचे मालगुजार आणि अडत्ये-सावकार यांच्या माडीवर या वस्तू मांडलेल्या असत. पुढे पुढे मध्यम घरांतही लग्नाच्या रुखवतात पोपटांची जोडी ठेवण्याची हौस आली. ही पाखरे प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीच्या थुरिंगिया भागातील छोट्या-मोठ्या कारखान्यांत आणि जपानात तयार झालेली आहेत. ती अडीचशे वर्षे जुनी नाहीत आणि लाखमोलाचीही नाहीत. पण एका पिकाच्या भरभराटीची जी थोडी निशाणी आपल्या घरांत उरली आहे, तीत ही पाखरे येतात, आणि मला त्यांचे अप्रूप आहे ते त्यासाठी.

आपल्या लेखात वय ओळखण्याची एकही खूण दिलेली नव्हती, म्हणून ती येथे देतो. पाखरू हातात आले की आधी ते उलटे करावे. तळाशी इंग्रजी अक्षरांत जर्मनी असा शिक्का असेल तर ते बहुधा १८९० नंतरचेच. कारण इंग्लंडच्या १८८७ च्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यांनंतर निर्यातीच्या मालावर मूळ देशाचे नाव घालण्याची पद्धत पडली. निप्पॉन (जपानचेच जपानी नाव) असा शिक्का साधारण १८९१ ते १९२१ या काळातला, नुसते जपान असेल तर त्यानंतरचा. आणि ऑक्युपाइड जपान असे लिहिले असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या नेतृत्वाखालील दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होता त्या, १९५२ पर्यंतच्या, काळातला. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी आणलेला, 'पेशवाईतला' म्हणून त्यांना सांगितला गेलेला बदकांचा जोड या शेवटच्या शिक्क्याचा होता! मायसनची खूण म्हणजे झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली, निळ्या रंगात काढलेल्या दोन फुलीदार तलवारी. पण तलवारी दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नये. पॅरिसच्या साम्सन या पेढीने एकोणिसाव्या शतकात जुन्या नमुन्यांच्या नकला मोठ्या प्रमाणावर केल्या आणि तलवारींसारख्या दिसणाऱ्या खुणा इतर कारखान्यांनीही वापरल्या. हिरव्या शिक्क्यात पवनचक्की असेल तर ते पाखरू थुरिंगियातील फोल्कश्टेटच्या कार्ल एन्स कारखान्याचे. या कारखान्याचे पक्षी मला फार आवडतात, आणि ते जुने मायसन म्हणून खपवले गेल्याचे पाहिले की वाईट वाटते. ते आपल्या नावाने मिरवावेत इतके चांगले आहेत.

शिक्का नसेल तर काम पाहावे. माझ्याकडे एक खंड्या आहे. उंची वीतभरही नाही. खोडाच्या ठुंठावर बसलेला, मान किंचित खाली, नजर पाण्याकडे असावी तशी. भिंगातून पाहिले तर त्याच्या पाठीवरचा निळा एकच नाही हे कळते: आधी फिका निळा भाजून घेतला आहे, त्यावर गडद निळ्याचे बारीक फटकारे आहेत, आणि प्रत्येक फटकारा जिथे कुंचला टेकला तिथे जाड व उचलला तिथे निमुळता झाला आहे. बोटाच्या टोकाने चाचपल्यास रंगाचा किंचित उंचवटा लागतो. छापील चित्र चिकटवलेल्या पाखराच्या अंगावर भिंगाखाली सारख्या अंतरावरचे ठिपके दिसतात, फटकारे दिसत नाहीत. झिलई चढवलेले पोर्सेलिन तेराशे-चौदाशे अंशांवर भाजलेले असते. झिलईवरचे हे रंग मात्र त्याहून बऱ्याच कमी उष्णतेवर, आठशे अंशांच्या आसपास भाजतात. ज्या रंगाला अधिक आच लागते तो आधी, नाजूक रंग आणि सोने शेवटी, म्हणजे एका पाखराला कितीदा तरी भट्टीत जावे लागते. ते खोडाचे ठुंठही केवळ शोभेसाठी नाही. भट्टीत पोर्सेलिन मऊ पडते आणि आक्रसते, साधारण सहावा हिस्सा लहान होते. पक्ष्याचे काडीएवढे पाय धडाचा भार पेलू शकत नाहीत, म्हणून पोटाखाली खोड, पान किंवा दगड ठेवून त्याला आधार दिलेला असतो. तळाशी किंवा पाठीमागे जे बारीकसे भोक दिसते, ते आतली हवा भट्टीत बाहेर पडावी यासाठी; ते दोष समजून मेणाने बुजवलेले मी पाहिले आहे.

आपल्या शिवारात पाखरे पाहणाऱ्याला आणखी एक गंमत साधते. जर्मन कारागिरांनी घडवलेला पिवळा-काळा हळद्या आपल्या आंब्यावरच्या हळद्यासारखा दिसतो, पण आपल्या हळद्याच्या डोळ्यावरची काळी पट्टी डोळ्याच्या मागेही लांबते आणि युरोपातल्या हळद्याची डोळ्यापाशीच संपते. शेल्फवरच्या मूर्तीत पट्टी आखूड असेल तर कारागिराने स्वतःच्या देशातला पक्षी पाहून ती काढली, हे मानायला जागा आहे. लहान खंड्या आणि हुदहुद मात्र तिकडे आणि इकडे एकाच जातीचे, त्यामुळे रंगाऱ्याने हुदहुदाच्या तुऱ्याची काळी टोके विसरली की ती चूक आमच्या गावचा गुराखीसुद्धा सांगतो.

आता नासधुशीविषयी. चिनी माती शेकडो वर्षे टिकते. तिचा घात होतो तो दिवाळीच्या साफसफाईत. चिंच, राख, तारेची घासणी किंवा फरशी धुण्याचे आम्ल यांनी झिलईवरचे सोने आणि नाजूक रंग निघून जातात आणि ते परत येत नाहीत. काही स्वस्त जपानी पाखरांवर तर भट्टीत न भाजलेला नुसता रंग असतो. तो कोमट पाण्यातही सुटतो. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी, फार तर ओलसर फडक्याने टिपून घ्यावे, आणि तडा गेलेले पाखरू पाण्यात मुळीच बुडवू नये, कारण चिरेत मळ शिरून ती काळी पडते. जुनी डागडुजी बरीचशी सरसाने किंवा लाखेने केलेली असते आणि आमच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ती आपोआप सैल होते. तुटलेली चोच जपून डबीत ठेवावी, सुपर ग्लूने घाईघाईत वाकडी चिकटवू नये. वणी-राजुरा भागात, जिथे कोळसा खाणींच्या स्फोटांनी तावदाने थरथरतात, तिथे फडताळाच्या कडेला पाखरू ठेवणे म्हणजे त्याला निरोप देणेच आहे.

परंतु याहून मोठी नासधूस पैशाच्या आशेने होते आहे. आपल्या लेखानंतर किमान दोन घरांत जुनी पाखरे मूर्तिकाराकडून ऑइलपेंटने 'नव्यासारखी' रंगवून घेतल्याचे मी स्वतः पाहिले. त्या मूर्तिकाराचा हात चांगला आहे आणि त्याचा यात काही दोष नाही. पण ज्या रंगासाठी त्या वस्तूला मोल होते, तोच आता एका जाड थराखाली गेला आहे. व्यापारीही हेच करतात, फक्त अधिक सफाईने: तुटलेली शेपटी लांबीने (पुटीने) भरतात, वर रंग फिरवतात आणि अखंड म्हणून विकतात. घेणाऱ्याने अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याचा अतिनील दिवा त्यावर धरावा; नवा रंग आणि डिंक आजूबाजूच्या झिलईहून वेगळे चमकतात. नखाने हलके टिचकी मारून पाहिले तरी पुष्कळदा कळते, कारण खरे पोर्सेलिन टणक वाजते आणि भरलेला भाग बद्द.

दुसरी गोष्ट जोडीची. अशी पाखरे अनेकदा जोडीने घडवलेली असतात. एकाची मान डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे, म्हणजे फडताळाच्या दोन टोकांना ठेवल्यावर ती एकमेकांकडे पाहतात. आमच्याकडे वाटण्या झाल्या की थोरल्याकडे एक आणि धाकट्याकडे एक असा न्याय होतो. शेताच्या बांधापर्यंत हा न्याय ठीक आहे, पाखरांच्या बाबतीत तो दोघांचेही नुकसान करतो. मी स्वतः सुटे पाखरू विकत घेण्याआधी दुसरे कोणाकडे आहे ते विचारतो, आणि दोघे भाऊ तयार असतील तरच, दोन्ही एकत्र घेतो. नाहीतर एक कायमचे मुंबईला आणि दुसरे कायमचे आर्वीला, असा प्रकार होतो.

आणि पाखरू घरातून बाहेर पडताना त्याच्याबरोबर त्याची हकीकत जात नाही, हे मला सर्वांत जास्त खटकते. ते कोणाच्या आजीच्या रुखवतात आले, कोणत्या अडत्याने मुंबईहून आणले, माडीवरच्या कोणत्या कोनाड्यात होते, हे सांगणारी माणसे आज ऐंशी-पंच्याऐंशीची आहेत. व्यापाऱ्याला त्याची गरज नसते. उलट त्याला गोष्ट हवी असेल तर तो स्वतःच एखाद्या राजाची जोडून देतो. विकायचे असेल तर जरूर विकावे, तो ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण आधी पाखराचे चारही बाजूंनी आणि तळाचे छायाचित्र काढावे, त्याची उंची मोजावी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल ते वहीच्या एका पानावर लिहून, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवून दुसरी घेणाऱ्याला द्यावी. जाणकार खरेदीदार अशा कागदासकट आलेल्या वस्तूला जास्त देतो, तेव्हा यात तोटा कोणाचाच नाही.

येथे कायद्याचीही आठवण करून द्यायला हवी. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा अधिक जुन्या, ऐतिहासिक किंवा कलाकुसरीच्या वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. "परदेशी गिऱ्हाईक थेट कुरिअरने मागवतो" असे सांगणाऱ्याला त्याचा परवाना दाखवायला सांगावे. आमच्या गावात एकदा हा प्रश्न विचारल्यावर चहा अर्धा टाकून पाहुणे उठले. तसेच १९७२ च्याच वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पेंढा भरलेले पक्षी, त्यांची पिसे आणि अंडी यांचा व्यवहार हा गुन्हा ठरतो. काही व्यापारी मातीच्या पाखरांबरोबर जुन्या शिकारखान्यातले खरे पक्षीही मागतात, त्यांच्यापासून लोकांनी चार हात दूर राहावे.

आता विनंती. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण सारे अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासून उभे आहे. तेथील अधिकाऱ्यांनी वर्षातून एखादा दिवस वर्धा, अमरावती किंवा यवतमाळ अशा जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन लोकांनी आणलेल्या वस्तू पाहाव्यात, किंमत न सांगता फक्त ओळख सांगावी आणि मालकाच्या संमतीने छायाचित्रासह नोंद ठेवावी. वस्तू संग्रहालयाने घेण्याची गरज नाही, नोंद झाली तरी पुष्कळ आहे. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने मातीकामाची परंपरा आमच्या विदर्भातच जोपासली आहे. माती, झिलई आणि भट्टी यांची जाण असलेली तेथील माणसे अशा दिवशी बरोबर असतील, तर पोर्सेलिन कोणते आणि साधी पांढरी भाजकी माती कोणती हे शिक्क्याशिवायही सांगता येईल. हे काम पुस्तकी जाणकाराहून हाताने माती मळलेला माणूस लवकर करतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. यापुढे या विषयावर लिहिताना लिलावाचा आकडा छापायचाच असेल, तर ती वस्तू कोणत्या कारखान्याची, कोणत्या काळातली आणि अखंड होती की दुरुस्त केलेली, हे त्याच ओळीत यावे. त्याहून बरे म्हणजे पुरवणीच्या एका कोपऱ्यात दर आठवड्याला एका पाखराच्या तळाचे मोठे छायाचित्र आणि त्या शिक्क्याचा अर्थ एवढेच द्यावे. वाचक ते कापून फडताळाच्या दाराला आतून चिकटवतील. माझ्या संग्रहातील जर्मन आणि जपानी शिक्क्यांची छायाचित्रे मी त्यासाठी विनामूल्य पाठवीन. ती छापताना माझे व गावाचे नाव मात्र देऊ नये. पुरवणी चोरही वाचतात.

कळावे,
आपला एक नियमित वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा